व्यायामशक्ती आणि आयुर्मान : फुफ्फुसाच्या प्रगत कर्करोगातील बलविचार

फुफ्फुसाच्या कर्करोगाचे बहुसंख्य रुग्ण आपल्या देशात रोग पसरल्यावरच वैद्यकापर्यंत पोहोचतात. त्यांतील कित्येक जण कर्करोगतज्ज्ञांचे उपचार चालू असताना, वा ते सुरू होण्यापूर्वीच, आयुर्वेद वैद्याचाही सल्ला घेतात. अशा रुग्णाच्या बाबतीत आपल्यापुढे नेहमी येणारा एक प्रश्न प्रस्तुत लेखात विचारार्थ घेत आहोत. प्रश्न असा की, रुग्णाच्या शरीरबलाचा त्याच्या शेष आयुष्याशी कितपत संबंध आहे, आणि ते बल वाढविल्यास आयुष्य वाढते काय?

या प्रश्नाकडे आमचे लक्ष एका रुग्णामुळे वेधले गेले. रुग्ण एकसष्ट वर्षांचे, एस.टी.तून निवृत्त झालेले चालक. उजव्या फुफ्फुसातील कर्करोग यकृतापर्यंत गेलेला, केमोथेरपीची दोन आवर्तने झालेली. आम्ही त्यांना आहार सांगितला, रोज चालण्यास सांगितले आणि उत्साहाच्या भरात दर आठवड्याला वाढत जाणारे अंतरही ठरवून दिले. महिन्याने ते आले तेव्हा वजन तीन किलो घटले होते. सोबतच्या पत्नीने तक्रार केली, "डॉक्टर, हे ऐकतच नाहीत. अंगणाच्या फाटकापर्यंत जातात आणि परत येऊन बसतात. तुम्हीच सांगा आता." रुग्ण खाली मान घालून बसले होते. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारले, "डॉक्टर, मला चालवत नाही, म्हणजे मी माझ्याच हाताने मरण ओढवून घेतोय का?"

त्या प्रश्नाला आमच्यापाशी तत्काळ उत्तर नव्हते. दोष त्यांचा नव्हता. आमच्या सल्ल्याचा होता. तो कोठे चुकला हे समजून घेण्यासाठी शास्त्र आणि आधुनिक संशोधन दोन्ही पुन्हा चाळावे लागले. त्यातून जे हाती आले ते वैद्यबंधू-भगिनींपुढे ठेवीत आहोत.

बलपरीक्षेचा शास्त्राधार

चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात रुग्णाच्या दशविध परीक्षेचे विवेचन केले आहे. प्रकृती, विकृती, सार, संहनन, प्रमाण, सात्म्य, सत्त्व, आहारशक्ती, व्यायामशक्ती आणि वय या त्या दहा परीक्षा होत. विद्यार्थिदशेत आपण ही यादी पाठ करतो; परंतु ही परीक्षा कशासाठी करावयाची, याकडे मात्र दुर्लक्ष होते. आचार्य तिचा हेतू स्पष्ट सांगतात. एक, आयुष्याचे प्रमाण जाणण्यासाठी. आणि दुसरा, बल व दोष यांचे प्रमाण जाणण्यासाठी. म्हणजे रुग्ण किती जगेल याचा अंदाज आणि त्याला किती तीव्र औषध सोसेल याचा निर्णय, ही दोन्ही कामे या एकाच परीक्षेवर सोपविलेली आहेत.

त्यातही व्यायामशक्तीविषयी आचार्यांचे म्हणणे विशेष मननीय आहे. ती रुग्णाच्या कर्म करण्याच्या सामर्थ्यावरून पारखावी आणि त्यावरून त्रिविध बलाचे, म्हणजे प्रवर, मध्यम व अवर बलाचे अनुमान करावे, असे ते सांगतात. केवळ देहाकडे पाहून बल ठरवू नये, असाही त्यांचा इशारा आहे. स्थूल देहाचा मनुष्य दुर्बल असू शकतो आणि कृश देहाचा बलवान. मुंगी आपल्या देहमानाच्या कितीतरी पट भार वाहते, हा त्यांचा दृष्टांत सर्वश्रुत आहे. फुफ्फुसाच्या कर्करोगात हा इशारा अक्षरशः खरा ठरतो. पोटावर चरबी टिकून असलेल्या रुग्णाचे मांस आतून झडलेले असते आणि वजनाचा काटा ते दाखवीत नाही.

आधुनिक वैद्यकातील बलमापन

कर्करोगाच्या रुग्णाचे कार्यबल अंकात मांडण्याचा आधुनिक वैद्यकातील पहिला प्रसिद्ध प्रयत्न फुफ्फुसाच्या कर्करोगाशीच निगडित आहे. १९४८ मध्ये न्यूयॉर्क येथील डेव्हिड कार्नॉफ्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नायट्रोजन मस्टर्ड या औषधाचा वापर मुख्यतः फुफ्फुसाच्या कर्करोगात करून पाहिला. गाठ लहान झाली तरी रुग्णाला त्याचा उपयोग झाला की नाही, हे कसे ठरवावे हा त्यांच्यापुढील प्रश्न होता. त्यासाठी रुग्ण स्वतःची कामे किती करू शकतो यावर आधारलेली ० ते १०० अंकांची श्रेणी त्यांनी वापरली.

आज त्याहून सुटसुटीत अशी 'ईकॉग' श्रेणी सर्वत्र प्रचलित आहे. तिच्यात ० म्हणजे पूर्ववत् सर्व कामे करणारा. १ म्हणजे जड कामे न जमणारा, परंतु हिंडता-फिरता व हलकी कामे करणारा. २ म्हणजे स्वतःचे सर्व करणारा, पण नोकरी-धंदा न जमणारा व जागेपणीचा निम्म्याहून अधिक काळ उभा-चालता असणारा. ३ म्हणजे जागेपणीचा निम्म्याहून अधिक काळ अंथरुणावर वा खुर्चीत घालविणारा. आणि ४ म्हणजे पूर्णपणे परावलंबी. ५ हा अंक मृत्यूचा निदर्शक आहे. कर्करोगतज्ज्ञाच्या कागदावर हा अंक बहुधा लिहिलेला असतो. तो वाचण्याची सवय आपण लावून घेतली पाहिजे.

या श्रेणीत एक उणीव आहे. ती वैद्याच्या अंदाजावर अवलंबून असते. एकाच रुग्णाला एक वैद्य १ अंक देतो, दुसरा २ देतो. म्हणून प्रत्यक्ष मोजता येईल अशी चाचणी हवी. 'सहा मिनिटांची चाल' ही तशी चाचणी असून तिची प्रमाण पद्धती अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने २००२ मध्ये प्रसिद्ध केली. ३० मीटर लांबीच्या सपाट वाटेवर रुग्णाने आपल्या गतीने सहा मिनिटे ये-जा करावी, दमल्यास थांबावे, पुन्हा चालावे, आणि एकूण अंतर मोजावे. चरकोक्त 'कर्मशक्तीवरून परीक्षा' याहून वेगळी ती काय असेल?

११८ रुग्णांचा अभ्यास

अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाशी संबंधित ली जोन्स आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या विषयात पायाभूत मानला जातो. त्यात नॉन-स्मॉल सेल प्रकारच्या, शरीरात इतरत्र पसरलेल्या फुफ्फुस-कर्करोगाचे ११८ रुग्ण होते. प्रत्येकाची सहा मिनिटांची चाल मोजली गेली आणि पुढे दोन वर्षांहून अधिक काळ त्यांचा मागोवा घेतला गेला. त्या काळात ७७ रुग्ण दगावले.

निष्कर्ष असा निघाला की, ३५८.५ मीटरपेक्षा कमी चालणाऱ्यांच्या तुलनेत ३५८.५ ते ४५० मीटर चालणाऱ्यांना मृत्यूचा धोका सुमारे ३९ टक्क्यांनी कमी होता, आणि ४५० मीटर वा त्याहून अधिक चालणाऱ्यांना तो सुमारे ५२ टक्क्यांनी कमी होता. दर ५० मीटर अधिक अंतरामागे धोका सुमारे १३ टक्क्यांनी उतरत होता. वय, लिंग, ईकॉग अंक इत्यादी नेहमीचे घटक हिशेबात घेतल्यावरही चालीच्या अंतराचे महत्त्व शिल्लक राहिले, ही यातील मुख्य गोष्ट होय.

याच अभ्यासात रुग्णांना त्यांच्या नित्य व्यायामाविषयीही विचारले होते. आठवड्याला साधारण तीन तास झपझप चालण्याइतका वा त्याहून अधिक व्यायाम करणाऱ्यांचे मध्यम आयुर्मान २५.६ महिने, तर त्याहून कमी करणाऱ्यांचे १२.९ महिने आढळले. हा आकडा वाचताच 'व्यायामाने आयुष्य दुप्पट' असा मथळा मनात उमटतो. आमच्याही मनात तो उमटला होता आणि त्या निवृत्त चालकांना दिलेले अंतराचे कोष्टक त्यातूनच आले होते. परंतु हा आकडा इतर घटकांचा हिशेब न घेता केलेल्या एकेरी विश्लेषणातील आहे, हे आम्ही लक्षात घेतले नव्हते.

लक्षण की कारण?

येथेच हेतू आणि लिंग यांतील भेद आठवला पाहिजे. जो बरे चालतो तो अधिक जगतो, एवढेच वरील अभ्यास सांगतो. चालल्यामुळे अधिक जगतो, असे तो सांगत नाही. ज्याचा रोग अद्याप मर्यादित आहे, ज्याच्या फुफ्फुसाभोवती पाणी साचलेले नाही, ज्याचे रक्त उतरलेले नाही आणि ज्याला भूक लागते, तो साहजिकच अधिक चालतो. तोच अधिक जगतो, याचे श्रेय चालण्याला द्यावे की मंद रोगाला? धुरावरून अग्नीचे अनुमान होते. पण धूर पुसून टाकल्याने अग्नी विझत नाही.

हा भेद तपासण्याचा मार्ग म्हणजे रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट पाडून एका गटाला व्यायाम देणे व दुसऱ्याला नेहमीचेच उपचार चालू ठेवणे. असे प्रयोग झाले आहेत. ऑस्ट्रेलियात धिल्लन आणि सहकाऱ्यांनी प्रगत फुफ्फुस-कर्करोगाच्या ११२ रुग्णांवर दोन महिन्यांचा व्यायामक्रम तपासला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत थकवा, जीवनमान आणि आयुर्मान यांपैकी कशातही दोन गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. डेन्मार्कमध्ये शस्त्रक्रियेपलीकडे गेलेल्या २१८ रुग्णांवर बारा आठवड्यांचा क्रम झाला व त्याचे निष्कर्ष २०२० मध्ये आले. त्यात प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता वाढली नाही. परंतु स्नायूंचे बल वाढले, चिंता व विषाद कमी झाले आणि रुग्णांचे सामाजिक स्वास्थ्य सुधारले. कॉक्रेनच्या २०१९ च्या आढाव्यात सहा लहान प्रयोग व २२१ रुग्ण होते. व्यायाम केलेल्या गटाची सहा मिनिटांची चाल सरासरी सुमारे ६३ मीटरने अधिक भरली आणि जीवनमानही बरे आढळले. मात्र त्याचा आधार असलेले प्रयोग लहान आहेत.

२०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रयोगाचा उल्लेख या संदर्भात वारंवार होतो, म्हणून त्याविषयी दोन शब्द. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी पूर्ण झालेल्या ८८९ रुग्णांपैकी ज्यांना तीन वर्षांचा नियोजित व्यायामक्रम दिला, त्यांच्यातील ९०.३ टक्के आठ वर्षांनी हयात होते. दुसऱ्या गटात हे प्रमाण ८३.२ टक्के होते. व्यायामाने कर्करोग-रुग्णाचे आयुष्य वाढते याचा हा सबळ पुरावा आहे. परंतु ते रुग्ण रोगमुक्तीच्या उद्देशाने उपचार पूर्ण केलेले होते, आणि त्यांचा रोग वेगळा होता. हा निष्कर्ष उचलून पसरलेल्या फुफ्फुस-कर्करोगाला लावणे म्हणजे नवज्वराची चिकित्सा राजयक्ष्म्याला लावण्यासारखे होईल.

सारांश, प्रगत फुफ्फुस-कर्करोगात शरीरबल हे आयुर्मानाचे उत्तम निदर्शक आहे. व्यायामाने कार्यशक्ती काहीशी टिकते वा सुधारते, मनही सावरते. परंतु व्यायामाने आयुष्य वाढते असे या रोगात सिद्ध झालेले नाही.

बल का घटते?

व्यायाम पुरेसा का पडत नाही, याचे उत्तर बलक्षयाच्या संप्राप्तीत आहे. हा क्षय केवळ बसून राहिल्याने झालेला नसतो. अर्बुद व त्यावर प्रतिक्रिया देणारे शरीर यांतून इंटरल्यूकिन-६, जीडीएफ-१५ यांसारखी द्रव्ये स्रवतात. त्यांनी भूक मरते, स्नायूंतील प्रथिनांचे विघटन वाढते आणि आहार देऊनही धातुपोषण होत नाही. २०११ च्या आंतरराष्ट्रीय एकमतानुसार सहा महिन्यांत वजन ५ टक्क्यांहून अधिक घटले, तर त्यास कर्करोगजन्य क्षय म्हणावे. यात पांडुता, श्वासकष्ट, वेदना, अनिद्रा आणि उपचारांतील स्टेरॉइडने मांड्यांच्या स्नायूंना येणारी दुर्बलता यांची भर पडते. धात्वग्निमांद्य आणि स्रोतोरोध यांमुळे उत्तरोत्तर धातूंचे पोषण खुंटते, हे शोषाच्या संदर्भातील विवेचन आपणास येथे आठवेल. मात्र फुफ्फुसाचा कर्करोग म्हणजेच राजयक्ष्मा, असे सरळ समीकरण मांडू नये. संप्राप्तीतील एक अंश समान आहे, व्याधी समान नाही.

यावरून आमच्या रुग्णाच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळते. ते चालत नव्हते म्हणून रोग वाढत नव्हता. रोग वाढत होता म्हणून त्यांना चालवत नव्हते.

तरीही बलरक्षण का करावे?

आयुष्य वाढल्याचा पुरावा नाही, तर मग खटाटोप कशाला, असे कोणी म्हणेल. त्याची तीन कारणे आहेत.

पहिले कारण, उपचारांचे दार बलावर उघडते. गेल्या काही वर्षांत या रोगाच्या चिकित्सेत मोठा पालट झाला आहे. पीडी-एल१ या प्रथिनाचे प्रमाण ५० टक्के वा अधिक असलेल्या रुग्णांत पेम्ब्रोलिझुमॅब या प्रतिकारशक्तीवर काम करणाऱ्या औषधाने पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण ३१.९ टक्के झाले; केमोथेरपीच्या गटात ते १६.३ टक्के होते. ईजीएफआर जनुकात विशिष्ट बदल असलेल्या रुग्णांत ओसिमर्टिनिबवर मध्यम आयुर्मान ३८.६ महिने आढळले. हे दोन्ही प्रयोग ईकॉग ० व १ च्या रुग्णांवर झाले होते. रुग्ण २ वरून ३ वर घसरला की केमोथेरपी बहुधा थांबवावी लागते. म्हणून पुढच्या उपचाराला सोसण्याइतके बल राखणे, हेच एक मोलाचे कार्य आहे.

येथे एक महत्त्वाचा अपवाद सांगणे कर्तव्य समजतो. ईजीएफआर बदल असलेल्या, पण अतिशय दुर्बल झालेल्या रुग्णांना जपानमध्ये जेफिटिनिब देऊन पाहिले. त्याचा वृत्तान्त २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. श्रेणी ३ वा ४ असलेल्या २२ रुग्णांपैकी दोनतृतीयांशांहून अधिक श्रेणी १ वा त्याहून चांगल्या स्थितीत आले. अंथरुणाला खिळलेली माणसे उठून घरात वावरू लागली. येथे बल आधी आले नाही. रोग मागे हटला आणि बल परतले. भारतीय रुग्णांत हा जनुकबदल पाश्चात्त्यांपेक्षा अधिक प्रमाणात आढळतो. तेव्हा 'रुग्ण फार अशक्त आहे, आता तपासण्या नकोत, आधी आपल्या औषधाने शक्ती येऊ द्या' असे म्हणून जनुकतपासणी लांबविणे हा त्या रुग्णावर मोठा अन्याय ठरतो.

दुसरे कारण, बल म्हणजे स्वावलंबन. स्वतः उठून स्नानगृहापर्यंत जाता येणे, जेवायला सर्वांबरोबर बसता येणे, याचे मोल महिन्यांत मोजता येत नाही. तिसरे कारण मनाचे. डेन्मार्कच्या प्रयोगात चिंता-विषाद कमी झाले, हा लाभ लहान नव्हे. सत्त्वबल हीसुद्धा दशविध परीक्षेतील एक परीक्षाच आहे.

निषिद्ध व्यायाम आणि विहित चंक्रमण

आता शास्त्रातील एका विरोधाभासाकडे वळू. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातील चोविसाव्या अध्यायात व्यायामाचे गुण विस्ताराने सांगितले आहेत. परंतु रक्तपित्ती, कृश, शोषी आणि श्वास, कास व क्षत यांनी पीडित रुग्णांनी व्यायाम वर्ज्य करावा, असेही तेथेच म्हटले आहे. फुफ्फुस-कर्करोगाच्या रुग्णात यांतील बहुतेक लक्षणे एकत्र दिसतात. चरकांनी तर शोषनिदानात साहस, म्हणजे बलाहून अधिक श्रम, हा शोषाचा एक प्रमुख हेतू मानला आहे. मग चालण्यास सांगणे शास्त्रविरुद्ध ठरते काय?

तसे नाही. त्याच अध्यायात सुश्रुताचार्यांनी चंक्रमण वेगळे सांगितले आहे. देहाला फार पीडा न होईल असे फिरणे आयुष्य, बल, मेधा व अग्नी यांना हितकर आणि इंद्रियांना जागविणारे आहे, असे त्याचे गुण दिले आहेत. म्हणजे आयास उत्पन्न करणारा व्यायाम निराळा आणि पीडारहित फिरणे निराळे. पहिला शोषीला निषिद्ध आहे, दुसरे नाही. बलवानासाठीही व्यायामाची मर्यादा अर्धशक्तीचीच आहे. श्वास तोंडाने घ्यावा लागणे, ललाट, नासिका व काख येथे घाम येणे, तोंड कोरडे पडणे, ही अर्धशक्तीची लक्षणे आपणास परिचित आहेत. प्रस्तुत रुग्णात त्याच्याही अलीकडे थांबावयाचे.

आम्ही दिलेल्या कोष्टकाची चूक येथे उघड होते. ते रुग्णाच्या त्या दिवशीच्या बलावर नव्हे, तर आम्ही ठरविलेल्या अंतरावर आधारलेले होते. चंक्रमणाच्या नावाखाली आम्ही साहस सांगितले होते.

व्यवहारात काय करावे?

प्रथम मापन. पहिल्या भेटीत वजन, गेल्या सहा महिन्यांतील वजनघट, ईकॉग अंक आणि विश्रांतीच्या स्थितीत बोटावरच्या यंत्राने प्राणवायूचे प्रमाण नोंदवावे. जागा असल्यास सहा मिनिटांची चाल घ्यावी. गेल्या महिन्यात हृदयविकाराचा झटका वा अस्थिर हृदयशूल झालेला असल्यास ही चाचणी करू नये. विश्रांतीत नाडी १२० च्या वर वा रक्तदाब १८०/१०० च्या वर असल्यास पुढे ढकलावी. चिकित्सालयात तीस मीटरची वाट नसल्यास हातांचा आधार न घेता तीस सेकंदांत खुर्चीवरून किती वेळा उठता येते, हे मोजावे. चार आठवड्यांनी तेच मापन पुन्हा करावे. चालीत सुमारे २२ ते ४२ मीटरचा फरक या रोगात अर्थपूर्ण मानला जातो. त्याहून कमी फरकावरून हर्ष वा खेद मानू नये. अंतर मोठ्या प्रमाणात घटले असेल, तर रुग्णाला बोल न लावता कारण शोधावे : पाणी साचले काय, रक्त उतरले काय, वेदना वाढली काय, रोग पुढे गेला काय?

व्यायामापूर्वी निषेध तपासावेत. हा रोग हाडांत, मणक्यांत व मेंदूत पसरण्याची प्रवृत्ती असलेला आहे. पाठीत नव्याने उठलेली तीव्र वेदना, पायांतील बळ जाणे, मलमूत्रप्रवृत्तीत बदल, खोकल्यातून रक्त पडणे, अकस्मात वाढलेला दम, एकाच पायाची सूज, केमोथेरपीनंतरचा ज्वर किंवा झटका यांपैकी काहीही आढळल्यास चालणे नव्हे, तर त्याच दिवशी रुग्णालय हाच सल्ला द्यावा. अस्थिगत प्रसार असलेल्या जागी मर्दन करू नये. किरणोपचार चालू असलेल्या त्वचेवर तेल लावण्यापूर्वी तेथील तज्ज्ञांना विचारावे.

मात्रा अल्प ठेवावी. घरातल्या घरात वा अंगणात पाच-पाच मिनिटे, दिवसातून दोन-तीन वेळा फिरणे पुरे. चालताना सलग वाक्य बोलता आले पाहिजे. बोलता येईनासे झाले की थांबावे. जोडीला खुर्चीवरून उठणे-बसणे व भिंतीला हात टेकून टाचा उचलणे, प्रत्येकी पाच ते आठ वेळा. अर्ध्या तासात थकवा उतरला नाही तर दुसऱ्या दिवशी मात्रा निम्मी करावी. केमोथेरपीनंतरचे पहिले काही दिवस, भोजनानंतरचा काळ आणि उन्हाची वेळ टाळावी. दम लागल्यास पुढे वाकून बसावे, ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडावा, आणि चेहऱ्यावर लहान पंख्याचा वारा घ्यावा. या साध्या उपायाने श्वासकष्टाची जाणीव कमी होते.

आहाराशिवाय चंक्रमण म्हणजे क्षयात भर. युरोपीय पोषणतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये कर्करोग-रुग्णासाठी दर किलो वजनामागे रोज २५ ते ३० किलोकॅलरी ऊर्जा आणि १ ते १.५ ग्रॅम प्रथिने सुचविली आहेत. पन्नास किलोच्या रुग्णाला किमान ५० ग्रॅम प्रथिने हवीत. ती पातळ पेजेतून व फळांच्या रसातून मिळत नाहीत. मुगाचे कढण, दूध, ताक, पनीर, अंडी, आणि ज्यांना चालतो त्यांना मांसरस, असे थोडे थोडे पाच-सहा वेळा द्यावे. चरकांनी शोषात मांसाहाराला दिलेले महत्त्व येथे विसरू नये. 'साखर बंद, दूध बंद, फक्त रस' असे लंघन या रुग्णाला कदापि सांगू नये. राजयक्ष्म्याच्या चिकित्सेत सर्वधातुक्षय झालेल्याचे बल मलाश्रित असते, म्हणून त्याच्या मलाचे रक्षण करावे, हा चरकांचा आदेश लक्षात घेता तीव्र वमन-विरेचनाचाही विचार करू नये.

औषधांविषयी एकच सूचना. जेफिटिनिब, ओसिमर्टिनिब यांसारख्या औषधांचे पचन यकृतातील सीवायपी३ए४ या विकराद्वारे होते. मिरी व पिंपळीतील पायपरीन या विकराच्या कार्यात अडथळा आणते. म्हणून त्रिकटुयुक्त कल्प मात्रेने व दीर्घकाळ देताना कर्करोगतज्ज्ञांना लेखी कळवावे. काय देत आहोत हे लपविणे रुग्णहिताचे नाही आणि शास्त्राच्या प्रतिष्ठेचेही नाही.

शब्दांची मात्रा

औषधाची मात्रा आपण तोलून देतो. शब्दांची देत नाही. 'चालाल तर जगाल' हे वाक्य धीर देण्यासाठी उच्चारले जाते. परंतु ज्याला चालवत नाही त्याच्या कानी त्याचा उरलेला अर्धा भागच पडतो. घरचे लोक पहारेकरी होतात, आणि मृत्यूनंतर 'त्यांनी ऐकले असते तर' हा सल त्यांच्या मनात कायम राहतो. जे सिद्ध झालेले नाही ते सांगून एवढी किंमत वसूल करण्याचा अधिकार आपणास नाही.

बॉस्टन येथे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग या संदर्भात आठवतो. पसरलेल्या फुफ्फुस-कर्करोगाच्या १५१ रुग्णांपैकी निम्म्यांना निदान होताच नेहमीच्या उपचारांबरोबर परिहारक सेवाही देण्यात आली. तीत लक्षणांचे शमन, मोकळा संवाद आणि कुटुंबाचा आधार होता. त्यांचे जीवनमान सुधारले, विषाद कमी झाला, आणि मध्यम आयुर्मान ११.६ महिने भरले, इतरांचे ८.९ होते. परिहारक सेवा म्हणजे अखेरची निरवानिरव, हा समज सोडून आपण रुग्णाला तिच्याकडे वेळेवर पाठविले पाहिजे.

त्या निवृत्त चालकांना आम्ही पुढच्या भेटीत कोष्टक परत मागितले आणि सांगितले की चूक आमची होती. "तुम्हाला चालवत नाही हा रोगाचा भाग आहे, तुमचा अपराध नव्हे. फाटकापर्यंत जाता ना, तेवढेच जा. तेथे खुर्ची ठेवा, बसा, आणि परत या." वेदनेचे व रक्ताचे मापन करून घेण्यासाठी त्यांना त्यांच्या तज्ज्ञांकडे पाठविले. रक्त बरेच उतरलेले निघाले. ते भरल्यावर काही आठवडे त्यांचा दम कमी झाला. फाटकाजवळच्या खुर्चीवर ते रोज संध्याकाळी बसत आणि जाणाऱ्या एस.टी. गाड्या मोजत, असे त्यांच्या पत्नीने नंतर सांगितले. सुमारे पाच महिन्यांनी ते वारले. त्या काळात घरात चालण्यावरून पुन्हा वाद झाला नाही.

आयुष्याचे प्रमाण आणि बलाचे प्रमाण जाणण्यासाठी रुग्णाची परीक्षा करावी, असे आचार्य म्हणतात. व्यायामशक्तीवरून आयुष्याचे अनुमान करता येते, हे त्यांचे म्हणणे आज मीटरच्या मापाने पुन्हा प्रत्ययास आले आहे. ती परीक्षा वैद्याने करावयाची आहे. रुग्णाने तीत उत्तीर्ण व्हावे, अशी अपेक्षा मात्र आचार्यांनी कोठेही व्यक्त केलेली नाही.